खिळे नव्हते, मग भेगा कशाच्या?

समृद्धी महामार्गावर माळीवाड्याजवळ गाड्या पंक्चर झाल्या त्या खिळ्यांनी नव्हे, हे सप्टेंबर २०२५ मध्येच स्पष्ट झालं. भेगांत इपॉक्सी भरायला बसवलेल्या त्या अॅल्युमिनियमच्या नळ्या होत्या, असा खुलासा रस्ते विकास महामंडळाने केला आणि बहुतेकांसाठी विषय मिटला. मला मात्र खुलाशातला ‘भेगा’ हा शब्दच जास्त टोचला. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. म्हणजे रस्त्याने जेमतेम तीन उन्हाळे पाहिले होते.

उन्हाळे मुद्दाम मोजतोय. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे मिलिमीटरचा साधारण शंभरावा भाग वाढतं. किरकोळ वाटतं, पण पौषातली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत स्लॅबच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तर सलग एक किलोमीटर काँक्रीट ४० सेंटिमीटर वाढायला बघेल. गारठ्यात ते तसंच आकसतं आणि आकसताना तडकतं, म्हणून ओतल्यावर काही तासांतच त्यात करवतीने खाचा पाडतात. तडा जाणारच असतो. तो सांगितल्या जागी जावा एवढीच अपेक्षा.

त्याहून खोडकर प्रकार वाकण्याचा. दुपारी स्लॅबचा माथा तापतो, तळ त्या मानाने गार राहतो, म्हणून तो पालथ्या परातीसारखा होतो. पहाटे उलट : कडा आणि कोपरे वर उचलले जातात. अशा अधांतरी कोपऱ्यावर सळयांनी भरलेला ट्रक आला की काय होईल, ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. गणित मात्र लागतं. ते मूळच्या डॅनिश हेराल्ड वेस्टरगार्डने अमेरिकेत मांडलं : १९२६ मध्ये चाकाच्या भाराचं, १९२७ मध्ये तापमानाचं आणि १९४८ मध्ये खास विमानतळांसाठी नवी सूत्रं.

सळयांवरून आठवलं. जालन्याचं नाव टीएमटी सळईवर चालतं. तिच्या अंगावरच्या धारा काँक्रीटला घट्ट धरतात. खाचेपाशी दोन स्लॅबांच्या सांध्यात बसणाऱ्या डॉवेल सळईचं काम उलटं. ती गुळगुळीत आणि नाकासमोर सरळ हवी, कारण शेजारच्या स्लॅबला भार द्यायचा, पण सरकणं अडवायचं नाही. ती तिरकी बसली की सांधा जखडतो आणि तडा भलतीकडे जातो.

विमानतळावरही, विमानं जिथे उभी राहतात, त्या एप्रनला काँक्रीटच पसंत करतात. सांडलेलं इंधन डांबर विरघळवतं आणि उन्हात मऊ झालेल्या डांबरात उभ्या विमानाची चाकं रुततात. पण तिथेही सांधे उन्हाने उघडमीट करतातच. फरक राखणीचा. उडालेला खडा इंजिनात जाऊ नये म्हणून विमानतळाची माणसं धावपट्टी रोज तपासतात. समृद्धीवर ती तपासणी टायरांनी केली.

भेगा उन्हानेच पडल्या असं मी म्हणत नाही. खालचा भराव, बांधकामातली घाई, काहीही असेल. पण भेग हलती असेल, तर कडक इपॉक्सी तिला फार दिवस बांधून ठेवत नाही. नवी भेग शेजारी उमटते. पुढच्या मे महिन्यानंतर मी ते बघायला जाणार आहे. पहाटे, कोपरे उचललेले असताना.