गोळी, घाम आणि थर्मोस्टॅट

नोव्हायमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना हवामानाच्या गप्पा काही नव्या नाहीत. जानेवारीत ‘बाहेर किती आहे?’ आणि जुलैत ‘एसी चालू आहे ना?’ एवढं विचारून आपण पुढे जातो. पण घरात कुणी स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा नैराश्यावर औषधं घेत असेल, तर तेवढं पुरत नाही. का, ते बघू.

आधी उन्हाळा. जून २०२१ च्या अखेरीस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेची भयंकर लाट आली. कोरोनरच्या अहवालानुसार ६१९ माणसं दगावली. त्यातली जवळजवळ सगळी भर उन्हात नव्हे, तर छपराखाली गेली. संशोधकांनी मृतांचे जुने आजार तपासले, तेव्हा सर्वांत ठळक संबंध दिसला तो स्किझोफ्रेनियाशी.

याचं एक कारण औषधांत आहे. शरीराचं तापमान मेंदूतला हायपोथॅलॅमस सांभाळतो. सायकोसिसवरची औषधं त्याच्या कामात ढवळाढवळ करतात. त्यातली काही, आणि हातापायांचा कडकपणा कमी करायला दिलेल्या गोळ्या, घामच कमी करतात; मग अंग थंड व्हायचं कसं? लिथियमची गोष्ट वेगळी. त्याची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरणं, उलट्या, जुलाब, झोकांड्या जाणं दिसलं, तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणून थांबू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. डोकेदुखीवर आयबुप्रोफेनसुद्धा परस्पर देऊ नका, त्यानेही लिथियम वाढतं.

आता थंडी. जानेवारी २०१९ च्या शेवटी डेट्रॉईट परिसरात पारा उणे २५ सेल्सियसच्या आसपास उतरला होता. त्यातच मॅकॉम्ब काउंटीतल्या गॅस केंद्राला आग लागली आणि थर्मोस्टॅट ६५ फॅरनहाइटवर आणा, असा संदेश मिशिगनकरांच्या फोनवर आला. अशा वेळी निरोगी माणूस दोन स्वेटर चढवतो. पण जे औषध घाम रोखतं, तेच शरीराची ऊब राखण्याची क्षमताही कमी करू शकतं. दारू प्यायल्यावर ऊब वाटते खरी, पण त्वचेतून उष्णता निघून जात असते.

दुसरं कारण औषधाच्या बाटलीत नाही. आजाराच्या भरात माणसाला तहान जाणवत नाही, खिडकी उघडावीशी वाटत नाही, फोन उचलावासा वाटत नाही. त्यात एकटेपणा आला की धोका वाढतो. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून आजार लपवला, तर शेजाऱ्याला दार ठोठवायचं सुचणार तरी कसं?

मग करायचं काय? पहिलं म्हणजे, घाबरून औषध बंद करू नका. अचानक बंद केलेलं औषध नवं संकट आणतं. उन्हाळा आणि हिवाळा सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा. आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी येत असतील, तर त्यांच्या गोळ्यांची यादी आधीच मागवा. झोपेच्या आणि ‘टेन्शनच्या’ गोळ्या त्यातून हमखास सुटतात. वीज गेली तर उबदार किंवा थंड जागा कुठे आहे, ते २११ वर कळतं. मन फारच ढासळलं तर ९८८ आहेच. कुणी गोंधळल्यासारखं बोलत असेल आणि अंग तापलं किंवा गार पडलं असेल, तर थेट ९११.

आणि अशा दिवसांत नुसता मेसेज टाकू नका. फोन करा, आवाज ऐका. फोन उचलला नाही, तर दारापर्यंत जा.