मृदंगाच्या थापेला मुक्त संगणकाची साथ

बीडहून मांजरसुंब्याच्या दिशेने निघाले की महामार्गावर पाली लागते. बिंदुसरा प्रकल्पाचे हे गाव. या टापूतल्या गावागावांत वर्षातून एकदा अखंड हरिनाम सप्ताह बसतो. पहाटे काकडा, दिवसा पारायण आणि गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग जागर. सात दिवस मृदंग, टाळ, पेटी आणि माणसांचे गळे थांबत नाहीत. नामवंत मृदंगाचार्य येतात, गावातली पोरे त्यांच्या शेजारी बसून हात तयार करतात, म्हातारे गायनाचार्य जुन्या चाली म्हणतात.

यातले नंतर काय उरते? मंडपात कोणीतरी धरलेल्या मोबाइलमधले चित्रण. मोबाइल मोठा आवाज आपोआप दाबतो आणि बारीक आवाज आपोआप वर उचलतो. त्यामुळे टाळ कडाडले की कीर्तनकाराचा आवाज मागे जातो आणि मृदंगाच्या धुमेचा, कणीक लावलेल्या बाजूचा, भरीव नाद पोकळ होतो. चांगले ध्वनिमुद्रण हवे असेल तर शहरातल्या स्टुडिओत जावे लागते आणि तिथे सप्ताह नेता येत नाही. स्टुडिओच मंडपात आणायचा म्हटले की ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची किंमत आडवी येते. मग चोरीची प्रत टाकली जाते आणि तिच्यासोबत व्हायरस येतो.

या अडचणीवर एक सरळ, कायदेशीर आणि बिनखर्ची उत्तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तयार झाले आहे. संगीतनिर्मितीसाठी घडवलेली लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम हे ते उत्तर. तिचा हा परिचय.

घडण

1983 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता आले पाहिजे, ही त्यांची भूमिका. 1991 मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिला, तो लिनक्स. दोन्ही एकत्र आले आणि एक पूर्ण प्रणाली उभी राहिली. सुरुवातीला मात्र तिच्यात आवाजाची बाजू अगदी लंगडी होती. साउंड कार्ड चालले तरी पुष्कळ, अशी स्थिती.

ही बाजू सावरली ती बहुतांशी स्वतःच्या गरजेपोटी लिहिणाऱ्या लोकांनी. 1998 च्या सुमारास यारोस्लाव किसेला यांनी अल्सा हा ध्वनिस्तर लिहायला घेतला. पुढे तो लिनक्सच्या गाभ्यातच सामावला. संगीतकाराच्या दृष्टीने सर्वात मोठे काम केले पॉल डेव्हिस यांनी. अॅमेझॉन कंपनीच्या अगदी पहिल्या प्रोग्रामरपैकी ते एक. तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी आर्डर हा अनेक ट्रॅकांवर ध्वनिमुद्रण करणारा प्रोग्राम आणि जॅक ही जोडणी-व्यवस्था उभी केली. जॅकमुळे एका प्रोग्राममधला आवाज दुसऱ्या कोणत्याही प्रोग्राममध्ये नेता येतो, जणू स्टुडिओतल्या वायरी पडद्यावर ओढल्या आहेत. तालाचा प्रोग्राम एकाचा, ध्वनिमुद्रणाचा दुसऱ्याचा, घुमारा देणारा तिसऱ्याचा. तरी तिन्ही एका लयीत चालतात.

मे 2007 मध्ये उबुंटू स्टुडिओ या, संगीतासाठी सज्ज केलेल्या लिनक्स-संचाची पहिली आवृत्ती आली. आर्डर, जॅक, साध्या ध्वनिमुद्रणाचे ऑडॅसिटी, हायड्रोजन, अशी अनेक अवजारे तिच्यात एकत्र बसवून मिळू लागली. पेन ड्राइव्हवर ती उतरवून घ्यायची आणि संगणकात आधीचे काहीही न पुसता, तिथूनच सुरू करून पाहायची, अशी सोय आहे. पटली तर बसवायची.

उशीर किती चालतो?

संगीताच्या संगणकाची खरी परीक्षा विलंबात असते. माइकमध्ये आवाज शिरला, संगणकातून फिरला आणि हेडफोनमध्ये परत आला, याला किती वेळ लागतो? तो जास्त झाला तर गाणारा स्वतःचाच आवाज मागून ऐकतो आणि लय सुटते.

टाळकऱ्यांना हा प्रश्न अनुभवाने ठाऊक आहे. आवाजाला हवेतून एक मीटर जायला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. मृदंगापासून दहा मीटर लांब उभ्या असलेल्या टाळकऱ्याला थाप जवळपास 29 मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. म्हणून लांबच लांब दिंडीत मागची रांग मृदंगावर कान ठेवत नाही, पुढच्या टाळकऱ्यांच्या हातांवर नजर ठेवते. संगणक आवाज तुकड्यातुकड्याने हाताळतो. सेकंदाला 48,000 नमुने घेताना तुकडा 1,024 नमुन्यांचा असेल तर प्रत्येक तुकड्यामागे 21 मिलिसेकंद जातात. 256 चा असेल तर साधारण 5, आणि 64 चा असेल तर दीडसुद्धा नाही. तुकडा जितका लहान, तितकी प्रोसेसरची दमछाक. वेळेत काम उरकले नाही तर आवाजात टकटक येते.

ही वेळ पाळण्यासाठी गाभ्यातच बदल करावे लागतात. इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांचे सहकारी जवळपास वीस वर्षे लिनक्सला तातडीच्या कामाला ताबडतोब हजर करण्यासाठी झटले. ते काम 2024 मध्ये लिनक्सच्या मुख्य गाभ्यात पूर्णपणे सामील झाले. दुसरीकडे विम टायमन्स यांनी पाइपवायर ही नवी ध्वनिव्यवस्था लिहिली. 2023 च्या नोव्हेंबरात तिची 1.0 आवृत्ती आली. पूर्वी जॅक सुरू केले की ब्राउझरचा आवाज बंद पडायचा आणि नवशिका गोंधळायचा. पाइपवायरने दोन्ही एकाच छताखाली आणले. लिनक्सवर संगीत करणे अवघड, असा जो लौकिक आहे तो बऱ्याच अंशी या आधीच्या काळातला आहे.

कायदा, पलटा आणि माजलगाव

या साऱ्या गोष्टीत महाराष्ट्राचा आणि बीड जिल्ह्याचा धागा आहे. तो बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाच्या हाती आहे.

1980 च्या दशकात बेल भारतीय संगीताच्या अभ्यासात बुडाले. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये रागातल्या सुरांची हालचाल मोजण्याच्या संशोधनात त्यांचा हात होता. त्याच सुमारास जेम्स किपेन हे संशोधक लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. कायदा या तबल्यातल्या रचनेचे पलटे, म्हणजे बोलांचे फेरफार, कसे बनतात, कोणता बोल कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, याचे नियम लिहिता येतील का, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी बेल यांनी बोल प्रोसेसर हा प्रोग्राम लिहिला. आजच्या साध्या फोनपुढे नगण्य वाटेल अशा अॅपलच्या छोट्या संगणकावर तो चालायचा. संगणकाने नियमांप्रमाणे पलटे बनवायचे, जाणकाराने ऐकून हे चालेल, हे चालणार नाही, असे सांगायचे आणि त्यावरून नियम सुधारायचे. तबलजीच्या डोक्यातले व्याकरण असे कागदावर उतरत गेले. हाच बोल प्रोसेसर आज मुक्तस्रोत आहे, लिनक्सवर चालतो आणि श्रुतींच्या बारीक अंतरांसह रचना वाजवू शकतो. आपल्या तालपरंपरेसाठी, तिच्याच बोलीत विचार करून लिहिलेले हे मुक्त अवजार आहे.

पुढे बेल पुण्यात गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांच्या कामाशी जोडले गेले. या दोघांनी कार्यकर्त्या स्त्रियांच्या साहाय्याने जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बाया आणि एक लाखाहून जास्त ओव्या, एवढा तो पसारा. गावात पिठाची गिरणी आली तशी जाती थांबली होती आणि ओव्या आठवणीत तेवढ्या उरल्या होत्या. त्यांतल्या निवडक ओव्या 1990 च्या दशकात बेल यांनी डिजिटल टेपवर ध्वनिमुद्रित केल्या, शंभराहून अधिक तास. त्यासाठी ते 1996 मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगावलाही आले. तिथल्या भीमनगर वस्तीतल्या बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या. आज हा ठेवा ‘परी’ या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतो.

या कामाचे मोल मोठे आहे आणि त्यातून आपल्यासाठी एक धडाही आहे. त्या काळी असे ध्वनिमुद्रण करायला महागडे टेप यंत्र, बाहेरून येणारा तज्ज्ञ आणि संस्थेचा निधी लागे. म्हणून एका वस्तीचा आवाज वाचला आणि शेजारच्या कैक गावांचा कायमचा गेला. ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्यांवरची गाणी, कपिलधारच्या यात्रेतली मन्मथस्वामींची भजने, संबळाच्या साथीचा गोंधळ, यांतले किती मुद्रित झाले? आज मात्र यंत्र घरात आहे आणि सॉफ्टवेअर फुकट आहे. बाहेरच्याची वाट पाहायचे कारण उरलेले नाही.

मंडपातला स्टुडिओ

कीर्तनाचे नीट मुद्रण करायचे तर आठ माइक पुरतात. कीर्तनकाराला एक, मृदंगाच्या दोन्ही पुड्यांना दोन, पेटीला एक, गायनाचार्यांना दोन आणि टाळकरी व श्रोत्यांसाठी दूर ठेवलेले दोन. हे माइक संगणकाला जोडणारा आठ वाटांचा यूएसबी इंटरफेस घेताना तो ‘क्लास कम्प्लायंट’ आहे ना, एवढे विचारून घ्यावे. असा इंटरफेस लिनक्सला वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखता येतो. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप चालतो. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, त्यामुळे असे धडधाकट लॅपटॉप घरोघरी पडून आहेत.

आर्डरमध्ये आठही माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर जातात. 48,000 नमुने आणि 24 बिट या दर्जाने दोन तासांचे कीर्तन सव्वाआठ जीबीच्या आसपास जागा घेते. सप्ताहाची सात कीर्तने साठ जीबीच्या आत बसतात. सप्ताह उठल्यावर निवांत बसून टाळ थोडे खाली, मृदंगाची धूम थोडी वर, असे मिश्रण करता येते. आर्डर मूळ मुद्रणाला हात लावत नाही, त्यामुळे चुकले तरी परत मागे जाता येते. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. शिवाय चार्जर काढून मुद्रण केले की आवाजातली घरघरही बऱ्याचदा जाते.

सुरांच्या बाबतीत हे खुलेपण विशेष कामाला येते. बाजारातले बहुतेक कीबोर्ड बारा समान अंतरांवर लावलेले असतात आणि आपल्या गायकाचा गंधार त्यात बसत नाही. झिन-अॅड-सब-एफएक्स आणि सर्ज एक्सटी या मुक्त वाद्यांत प्रत्येक स्वर हवा तिथे लावता येतो, काळी एक असो की पांढरी पाच. हायड्रोजन हा तालाचा प्रोग्राम परदेशी ड्रम घेऊन येतो, पण गावातल्या मृदंगाचार्यांकडून एकेक बोल वाजवून घेतला तर त्या बोलांचा स्वतंत्र संच बनवता येतो. रियाजाला बसलेल्या पोराला मग पखवाजाचा ठेकाच साथीला मिळतो.

साठवणुकीचा मुद्दा याहून मोठा आहे. आर्डरची फाइल साध्या मजकुराच्या रूपात असते. फ्लॅक हा आवाजाचा मुक्त साचा मूळ दर्जा तसाच ठेवून जागा बऱ्यापैकी वाचवतो. कंपनी बंद पडली, परवाना संपला, वर्गणी थांबली म्हणून मुद्रण उघडत नाही, असे इथे होत नाही. नातवाने तीस वर्षांनी आजोबांचे भजन उघडायचे ठरवले तर त्याला कोणाची परवानगी लागणार नाही.

उणिवा आणि शिकण्याची वाट

काही दारे बंद आहेत, हे आधीच सांगायला हवे. भारतीय वाद्यांचे अनेक विकतचे ध्वनिसंच व्यावसायिक प्रोग्रामांसाठी बनतात आणि ते लिनक्सवर सरळ चालत नाहीत. चित्रपट-संगीताच्या स्टुडिओंबरोबर रोज फाइलींची देवघेव करायची असेल तर त्यांचेच सॉफ्टवेअर ठेवणे सोयीचे. काही इंटरफेसांची सगळी बटणे लिनक्समधून हलवता येत नाहीत. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला लिनक्स ठाऊक असेलच असे नाही. पहिले काही दिवस चिकाटी लागते.

शिकायला मात्र मराठीत साधन आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौदगल्य यांनी सुरू केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि ऑडॅसिटी यांचे दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत आणि या प्रकल्पाचे पाठ मराठीतही ऐकायला मिळतात. आधी ऑडॅसिटीवर दोन माइकांचे मुद्रण, मग आर्डर, मग पाइपवायरच्या जोडण्या, या क्रमाने गेले तर दहावी-बारावीचा विद्यार्थीही हे शिकू शकतो.

माझे मत स्पष्ट आहे. व्यावसायिक स्टुडिओने काय वापरावे हा त्यांचा प्रश्न, पण गावाच्या संगीताचे जतन करायचे असेल तर मुक्त प्रणालीइतकी योग्य निवड दुसरी नाही. पालीच्या आणि बीड जिल्ह्यातल्या प्रत्येक गावच्या सप्ताह समितीला विनंती आहे. यंदा मंडपाच्या आणि पंगतीच्या खर्चात दोन चांगल्या माइकांची भर घाला, गावातल्या दोन मुलामुलींना हे काम शिकू द्या, गाणाऱ्यांची परवानगी घ्या आणि मुद्रणाची एक प्रत देवळात व एक शाळेत ठेवा. जुन्या चाली जाणणारे गायनाचार्य आज आपल्यात आहेत, तोवरच हे काम सुरू करा.