संध्याकाळी साडेसातला : पानात गुंडाळायचा कोंबडीचा खिमा

कामावरून सुटून, लोकलची गर्दी सोसून घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजतात. मुलांना भूक लागलेली असते, सासूबाईंच्या गोळीची वेळ झालेली असते आणि परातीत पीठही पडलेले नसते. अशा वेळी कोंबडी करायची म्हणजे कांदा-खोबरे भाजा, वाटण वाटा, रस्सा उकळा आणि मग भाकऱ्या थापा. नऊ वाजून जातात. म्हणून आपल्या बहुतेक घरांत कोंबडी शिजते ती रविवारी. भगिनींनो, आज जो पदार्थ देत आहोत तो मंगळवारी-बुधवारीही अर्ध्या-पाऊण तासात होतो. त्याला वाटण लागत नाही आणि भाकरीही लागत नाही.

पदार्थ मूळचा दक्षिण चीनमधला. कँटनी बोलीत त्याला ‘सांग चोय बाओ’ म्हणतात. ‘सांग चोय’ म्हणजे लेट्यूसची पाने, ‘बाओ’ म्हणजे गुंडाळणे. ‘सांग चोय’ या शब्दाचा उच्चार त्यांच्या बोलीत ‘धन वाढो’ अशा अर्थाच्या शब्दांसारखा होतो, म्हणून नव्या वर्षाच्या सणात हे पान शुभ मानतात. नाव सारखे असले म्हणून पैसा वाढत नसतो हे तेथील कष्टकऱ्यांनाही ठाऊक असणारच. पण पान चवीला गोड आणि कुरकुरीत असते, तेवढे कारण पुरेसे आहे. जुन्या पद्धतीत आत कबुतराच्या मांसाचा खिमा असे. पुढे डुकराचे मांस आले, मग कोंबडी आली.

ही कोंबडी जगभर पोहोचली त्यामागे एका बाईची मोठी वाटचाल आहे. सेसिलिया चियांग हे त्यांचे नाव. १९२० साली चीनमध्ये जन्म. जपानी आक्रमणाच्या काळात त्या आणि त्यांची बहीण बीजिंगहून चोंगछिंगपर्यंत बहुतेक पायी चालत गेल्या; त्या प्रवासाला जवळजवळ सहा महिने लागले. पुढे त्या अमेरिकेत आल्या आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्को शहरात त्यांनी ‘मँडरीन’ नावाचे भोजनगृह काढले. तेथे लेट्यूसच्या पानात कबुतराचा खिमा मिळे. त्यांचे चिरंजीव फिलिप यांनी भागीदाराबरोबर १९९३ साली अ‍ॅरिझोना राज्यात ‘पी. एफ. चँग्ज’ सुरू केले, आणि तेथे कोंबडीचा खिमा पानात घालून देऊ लागले. तोच पुढे अमेरिकेत घरोघरी होऊ लागला. सेसिलियाबाई २०२० साली, शंभराव्या वर्षी वारल्या.

आता आपल्या घराकडे वळू. कोंबडी शिजली की वाटणी कशी होते हे सांगायला नको. तंगडी घरातल्या पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जाते, छातीचे तुकडे पाहुण्यांना. मुलीच्या वाट्याला मान आणि पाठ. भाकऱ्या करीत बसलेल्या बाईच्या वाट्याला पातेल्याच्या तळचा रस्सा, तोही उरला तर. कोणी मुद्दाम करीत नसेल, पण होते तसेच. खिम्याला तंगडी नसते. मधोमध एक कढई, बाजूला पानांची परात, आणि ज्याने त्याने आपल्या हाताने वाढून घ्यायचे. करणारी बाईसुद्धा त्याच वेळी बसते, कारण तव्यावर काही नसते. आमच्या घरी पहिल्या दिवशी धाकटीने सगळ्यांच्या आधी हात घातला आणि कोणालाच काही बोलता आले नाही. सासूबाई मात्र म्हणाल्या, “अगं, शेळीसारखा पाला खायचा का आता?” तिसरे पान त्यांनी न सांगता उचलले.

पाच माणसांना अर्धा किलो खिमा पुरतो. दुकानदाराला डोळ्यांसमोर खिमा करून द्यायला सांगावे. आधीपासून करून ठेवलेला घेऊ नये. बिनहाडाचे महाग वाटत असेल तर तीनशे ग्रॅम कोंबडी आणि दोनशे ग्रॅम अळिंबी किंवा सोयाबीनचा भिजवून पिळलेला चुरा घ्यावा. चव फार बदलत नाही, मुलांना तर कळतही नाही.

बाकी सामान घरचेच आहे. दोन कांदे, आठ-दहा लसूण पाकळ्या, इंचभर आले, दोन हिरव्या मिरच्या, एक गाजर आणि कांद्याची पात. बाटलीतला सोया सॉस दोन मोठे चमचे, व्हिनेगर एक मोठा चमचा (नसेल तर लिंबू), चिरलेला गूळ एक छोटा चमचा. चीनमध्ये यात सोयाबीन आंबवून केलेला गोडसर ‘होयसिन’ सॉस घालतात. तो महाग असतो आणि एकदा फोडलेली बाटली महिनोन् महिने पडून राहते. गूळ, लसूण आणि सोया सॉसने अगदी तीच नाही, पण जवळची चव येते.

मूळ कृतीत दाताखाली कुरकुर लागावी म्हणून एक कंद घालतात. इंग्रजी पुस्तकांत त्याला ‘वॉटर चेस्टनट’ म्हणतात आणि आपल्या शिंगाड्यालाही तेच म्हणतात. दोन्ही पाण्यातलीच, पण झाडे वेगळी. तरी ताजा शिंगाडा येथे छान चालतो. भंडारा-गोंदियाच्या तळ्यांत ढिवर बांधव तो पिकवतात आणि पावसाळा संपला की बाजारात येतो. आठ-दहा शिंगाडे सोलून बारीक चिरावेत. हंगाम नसेल तर भाजलेले शेंगदाणे भरडून वरून घालावेत.

पानांचे जरा जपून. लेट्यूस मोठ्या शहरांच्या भाजीबाजारात मिळतो. कोबीसारखा गोल गड्डा असतो तो घ्यावा, त्याची पाने वाटीसारखी निघतात. पण शहरात नाल्याकाठी घाण पाण्यावर पालेभाजी पिकवली जाते हे आपण सारे पाहतो, आणि हे पान तर कच्चेच खायचे. म्हणून बाहेरची दोन-तीन पाने टाकून द्यावीत आणि उरलेले प्रत्येक पान नळाच्या वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी चोळून धुवावे. मिठाच्या पाण्यात बुडवले म्हणजे जंतू मेले असे समजू नये. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्यांच्यासाठी कोबीची पाने घ्यावीत. कोबीचा दांडा सुरीने खणून काढावा आणि त्या खळग्यात नळाचे पाणी सोडावे, म्हणजे पान न फाटता सुटते. मग उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढावे. खरे सांगायचे तर मला कोबीच अधिक आवडतो. तो कुठेही मिळतो आणि खिशाला परवडतो.

घरात शिरल्याबरोबर प्रथम कुकरला भात लावावा. परदेशात हा पदार्थ वजन कमी करणारे लोक भाताशिवाय खातात. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्याचे नुसत्या पाल्याने भागत नाही. पानात आधी चमचाभर भात, त्यावर खिमा, असेच आपण खावे.

पाने धुऊन निथळत ठेवावीत आणि भाज्या चिरून घ्याव्यात. खिमा सर्वांत शेवटी हातात घ्यावा. कच्च्या कोंबडीला लागलेली सुरी, पाट आणि हात साबणाने धुतल्याशिवाय पानांना लावू नयेत. ती नळाखाली धुण्याचीही गरज नाही. धुताना उडालेले शिंतोडे भोवतालच्या भांड्यांवर जातात. एका वाटीत सोया सॉस, व्हिनेगर आणि गूळ कालवून ठेवावा.

कढई चांगली तापू द्यावी. दोन मोठे चमचे तेल घालून लसूण, आले, मिरची अर्धा मिनिट परतावी, मग कांदा. कांदा पारदर्शक झाला की खिमा घालून पसरावा आणि दोन मिनिटे हात लावू नये. येथेच पहिल्या वेळी माझे चुकले. कढई कोमट होती, त्यात घाईने मीठही आधी टाकले. खिम्याला पाणी सुटले, तो उकडल्यासारखा झाला आणि पानातून गळू लागला. आच मोठी हवी आणि मीठ नको. खालून तांबूस झाला की गोळे फोडीत सात-आठ मिनिटे परतावा. कुठेही गुलाबी दिसता कामा नये. मग गाजर, शिंगाडे आणि वाटीतले मिश्रण घालावे, ओल आटू द्यावी, वरून पात आणि भाजलेले तीळ. मीठ चाखूनच घालावे, बहुधा लागतच नाही. एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे दोन ग्रॅमहून अधिक मीठ, आणि दिवसभरात मोठ्या माणसाला पाच ग्रॅमच्या आत असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाब असलेल्यांच्या पानात बाटलीतून वरून सॉस ओतू नये.

कढई उतरल्यावर पाच मिनिटे थांबावे. वाफाळता खिमा घातला की पान मऊ पडून फाटते.

सोया सॉस नकोच असेल तर लाओस आणि थायलंडच्या ईशान्य भागातील ‘लाप’ करून पाहावा. बँकॉकमध्ये टॅक्सी चालवायला, इमारतींच्या कामावर जे मजूर ईशान्येतून येतात त्यांचे हे गावाकडचे जेवण. दोन चमचे कोरडे तांदूळ तव्यावर चांगले तांबूस भाजून भरड दळायचे. खिमा थोड्या पाण्यात पूर्ण शिजवून उतरवायचा आणि त्यात लिंबू, तिखट, बारीक चिरलेला कांदा, पुदिना आणि ती भरड कालवायची. तिकडे माशाचे खारे पाणी घालतात. मी भाजलेला जवळा चुरून घातला आणि मीठ टाकले. घरात कोणी नावे ठेवली नाहीत. सोबत ते चिकट भात आणि कच्ची पाने खातात. तेलाचा थेंबही लागत नाही.

खिमा उरला तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावा. फ्रीज नसेल तर त्या रात्रीच संपवावा. सकाळी खरपूस गरम करून चपातीत गुंडाळला की डब्याचे काम होते. पाने मात्र डब्यात देऊ नयेत, दुपारपर्यंत त्यांचा लगदा होतो.