सर्व्हो ड्राइव्ह 'गेला' म्हणण्यापूर्वी वीज तपासा

वापरलेली सीएनसी लेथ घेऊन जॉबवर्क करणारे लहान कारखानदार भोसरीपासून शिरोलीपर्यंत प्रत्येक औद्योगिक वसाहतीत आहेत. यंत्र चालते तोवर हप्ते निघतात. पण एखाद्या सकाळी पडद्यावर सर्व्हो अलार्म येतो, स्लाइड हलत नाही आणि दुरुस्तीवाला एका वाक्यात सांगून टाकतो, 'ड्राइव्ह गेला!' जुन्या यंत्राचा ड्राइव्ह नवा मिळणे कठीण आणि वापरलेला घ्यावा तर त्याची खात्री कोण देणार? म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी थोडे थांबावे.

ड्राइव्ह बंद असणे आणि ड्राइव्ह खराब असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फानुकच्या झिरो मालिकेतील ४०१ क्रमांकाचा अलार्म एवढेच सांगतो की ड्राइव्हकडून 'मी तयार आहे' हा संकेत आलेला नाही. तो का आला नाही, हे आपल्याला शोधावे लागते. वीज नीट पोचली नाही तर चांगला ड्राइव्हसुद्धा तयार होत नाही.

आधी सावधगिरी

मेन स्विच बंद केल्यावरही ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट डीसी शिल्लक असते. ते जीव घेऊ शकते. किमान १० मिनिटे थांबावे आणि मीटरने व्होल्टेज उतरल्याची खात्री करूनच हात लावावा. उभ्या मिलिंग मशीनचे हेड खाली घसरू शकते, म्हणून त्याखाली लाकडी ठोकळा द्यावा. चालू पॅनेलमधील मोजमाप जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे.

तपासणीचा क्रम

पहिला प्रश्न असा, की अलार्म एकाच ॲक्सिसला आहे की सर्वांना? सर्वांना एकदम असेल तर दोष बहुधा सामाईक वीजपुरवठ्यात असतो. एकालाच असेल तर त्याचा ड्राइव्ह, केबल किंवा मोटर पाहावी. ड्राइव्हवरील दिवा किंवा आकडा वहीत लिहून ठेवावा. वीज बंद केली की तो पुसला जातो.

त्यानंतर तिन्ही फेज एकमेकांशी मोजावेत. आपल्याकडे ते ४१५ व्होल्टच्या आसपास आणि जवळजवळ सारखे हवेत. एक फ्यूज उडाला असला तरी ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून उलट येणाऱ्या विजेमुळे मीटर काही व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो. म्हणून वीज तोडून, फ्यूज काढूनच तपासावा.

जपानी बनावटीच्या अनेक यंत्रांत ट्रान्सफॉर्मर हे ४१५ व्होल्ट सुमारे २०० वर आणतो. तेथील टॅपिंग जरूर पाहावे. आधीच्या मालकाच्या गावी व्होल्टेज कमी किंवा जास्त असेल तर त्याने टॅपिंग बदललेले असते आणि जागा बदलल्यावर तेच नडते. २०० व्होल्ट एसीचे रेक्टिफायरनंतर सुमारे २८० व्होल्ट डीसी होते. ते फार खाली गेले की कमी व्होल्टेजचा अलार्म येतो.

पुढे काँटॅक्टर. इमर्जन्सी बटण, लिमिट स्विच, ओव्हरलोड रिले या साखळीतील एक कडी तुटली तरी तो ओढत नाही. ओढला तरी आतील पॉइंट जळके असू शकतात. टर्मिनलचे स्क्रूही वीज तोडून घट्ट करावेत. वर्षानुवर्षांच्या थरथरीने ते सैल होतात.

२४ व्होल्टचा कंट्रोल सप्लाय ड्राइव्हच्या टर्मिनलवर, लोड असताना मोजावा. जुना सप्लाय मोकळा असताना २४ दाखवतो आणि लोड येताच खाली बसतो.

अलार्म कधी येतो?

यंत्र उभे असताना ठीक, पण स्लाइड वेगाने सुटताच कमी व्होल्टेजचा अलार्म येत असेल तर गळालेला फेज, सैल जोड किंवा थकलेले कपॅसिटर यांचा संशय घ्यावा. स्लाइड थांबताना जास्त व्होल्टेजचा अलार्म येत असेल तर मोटरकडून परत येणारी वीज जिरवणारा रेझिस्टर तुटला आहे का ते पाहावे. तसे असेल तर महागड्या ड्राइव्हऐवजी एका साध्या रेझिस्टरवर काम भागते.

एकच ॲक्सिस बंद असेल तर मोटरची केबल ड्राइव्हपासून सोडवून मग मेगर लावावा. ड्राइव्हला मेगर कधीही लावू नये, त्याने आतील भाग जळतात. केबलच्या कनेक्टरमध्ये कूलंट शिरणे हा तर नेहमीचाच दोष आहे. मोटर चांगली ठरल्यावरच दुसऱ्या ॲक्सिसचा ड्राइव्ह लावून पाहावा, तोही नंबर आणि सेटिंग तंतोतंत जुळत असेल तर. मोटर शॉर्ट असताना ही अदलाबदल केली तर चांगला ड्राइव्हही हातचा जातो.

एवढे तपासूनही दोष ड्राइव्हमध्येच निघाला तर खर्च करावा लागेल, पण तो आंधळेपणाने होणार नाही. शेवटी एक सूचना. यंत्र चांगले चालू असतानाच सर्व पॅरामीटर उतरवून घ्यावेत आणि वरील प्रत्येक ठिकाणचे व्होल्टेज वहीत लिहून पॅनेलच्या दारात ठेवावे. चांगल्या दिवसाचे आकडे हाताशी असले तर वाईट दिवशी दोष कोठे आहे ते लवकर सापडते आणि कोणी सहजासहजी फसवूही शकत नाही.