परसातल्या कोंबड्या आणि शेजारधर्म

(द्वितीय वर्ष, वाणिज्य शाखा)

कोंबडीसारखा क्षुल्लक विषय महाविद्यालयाच्या अंकात कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. परंतु ज्यांच्या घरामागे चार हात जमीन आहे आणि त्या जमिनीत ज्यांनी मेथी-कोथिंबीर पेरली आहे, त्यांना हा विषय क्षुल्लक वाटणार नाही. सकाळी पेरलेला वाफा दुपारी उकरलेला दिसला की शेजाऱ्या-शेजाऱ्यांत जी बोलाचाली होते, ती पुष्कळदा वर्षभर टिकते. रागाच्या भरात कोणी दाण्यात विष कालवतो, कोणी दगड भिरकावतो. नुकसान दहा रुपयांच्या भाजीचे असते आणि तुटते ते पिढ्यांचे येणे-जाणे. म्हणून कोंबडीला इजा न करता बाग कशी राखावी, याचा थोडा शास्त्रीय आणि थोडा व्यवहारी विचार येथे करावयाचा आहे.

माझे घर सुरतजवळच्या उधन्याला आहे. मुंबई-सुरत लोहमार्गावरील या स्थानकातून तापी खोऱ्याची गाडी बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, अमळनेर अशी जळगावपर्यंत जाते. याच मार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे यंत्रमाग आणि कापड छपाईच्या गिरण्यांत कामासाठी सुरतेत आली. येताना गावाकडच्या सवयीही बरोबर आल्या. कोणाच्या अंगणात गिलक्या-दोडक्याचा वेल चढतो, तर कोणाच्या दारात कोंबड्या फिरतात. गुजराती शेजारी तिला ‘मरघी’ म्हणतात, आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र ‘कोळी’ म्हणतील. नाव कोणतेही असो, वाफा उकरण्याची तिची रीत सर्व भाषांत एकच!

ही रीत येते कोठून? आपली पाळीव कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबड्याची वंशज आहे. सह्याद्रीत आणि सुरतेच्या आग्नेयेस डांगच्या जंगलात करडा रानकोंबडा आढळतो. पाळीव कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग या करड्या जातीकडून आला असावा, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकतेच्या संशोधनातून दिसून आले. रानात हे पक्षी दिवसभर पाचोळा उकरून किडे, वाळवी आणि बी शोधतात. आपण वाफा भुसभुशीत करतो, त्यावर पाचोळा पसरतो, पाणी शिंपडतो, म्हणजे कोंबडीच्या दृष्टीने पानच वाढून ठेवतो. शिवाय कोरड्या मातीत लोळून ती धुळीने अंघोळ करते, कारण त्यामुळे पिसांतील उवा-पिसवांपासून तिची सुटका होते. सारांश, ती खोडकरपणा करीत नाही. भूक आणि स्वच्छता या दोन गरजा ती भागविते.

आता दुसरा प्रश्न. आपण ज्यांना ‘मोकाट’ किंवा ‘रानटी’ म्हणतो त्या कोंबड्या खरोखर रानटी असतात काय? जगात अशी ठिकाणे आहेत. हवाई बेटांपैकी काउआई बेटावर कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या मोकळ्या वाढत आहेत. १९८२ आणि १९९२ सालच्या चक्रीवादळांत खुराडी मोडून पुष्कळ कोंबड्या सुटल्या, असे तेथील लोक सांगतात. त्या टिकल्या याचे एक कारण असे की त्या बेटावर मुंगसाने अजून बस्तान बसविलेले नाही. उधन्यात मात्र मुंगूस आहे, मांजर आहे आणि कुत्री तर गल्लोगल्ली आहेत. येथे उघड्यावर रात्र काढणारी कोंबडी फार दिवस जगणार नाही. म्हणून आपल्या परसात येणारी कोंबडी बहुधा संध्याकाळी कोणाच्या तरी खुराड्यात परत जाते. तिला मालक आहे, आणि ज्याला मालक आहे त्याच्याविषयी बोलणी होऊ शकतात. हा मुद्दा पुढे कामी येईल.

प्रथम निरुपयोगी उपाय बाजूला काढू. वाफ्यावर तिखट टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु मिरचीतील जो घटक आपल्या जिभेला झोंबतो, तो पक्ष्यांना झोंबत नाही. म्हणून तर पक्षी मिरच्या खुशाल खातात आणि त्यांचे बी दूरवर पसरवितात. बुजगावणे, चमकणाऱ्या पट्ट्या, डबे वाजविणे यांचा परिणाम थोडेच दिवस टिकतो, कारण यापासून अपाय होत नाही हे कोंबडीला लवकरच कळते. पतंगाचा मांजा आडवा बांधणे हा तर रोगापेक्षा भयंकर इलाज आहे. उत्तरायणात मांज्याने पक्षी कसे कापले जातात, हे सुरतकरांना सांगावयास नको. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली ती याचसाठी. बारीक दोऱ्याची सैल जाळी पसरली तरी तीत पाय अडकून पक्षी तडफडतो.

उपयोगी पडते ते कुंपण, पण समजून घातलेले. गावठी कोंबडी अंगाने हलकी असते. ती पाच-सहा फूट उंच उडू शकते. परंतु बहुधा ती कुंपण एका झेपेत ओलांडत नाही. आधी वरच्या काठावर बसते आणि मग आत उतरते. म्हणून तारेच्या जाळीच्या वरच्या काठाला बांबूची आडवी काठी बांधू नये. वरची वीतभर जाळी मोकळी, लवती ठेवावी. पाय ठेवण्यास भक्कम जागा नाही असे दिसले की कोंबडी सहसा माघार घेते. जाळी पाच फूट उंच असावी. तिचा खालचा काठ मातीत गाडावा किंवा विटांनी दाबावा. पिलांसाठी खालच्या दीड फुटात एक इंचाहून मोठी छिद्रे नसावीत.

तारेची जाळी परवडत नसेल तर जुन्या साड्या आहेतच. आणि सुरतेत साडीला काय तोटा! महाराष्ट्रातील पुष्कळ शेतकरी रानडुकरांसाठी शेताभोवती साड्या बांधतात. परसात त्यांचा फायदा असा की पलीकडचा वाफा दिसत नाही आणि कापडावर बसताही येत नाही. साडी खांबांना ताणून बांधावी, म्हणजे झोळ पडून त्यात पक्षी गुंतणार नाही.

संपूर्ण परसाला कुंपण घालण्याची गरजही नसते. आमच्या घरामागील जागा दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद आहे. तिला चहूबाजूंनी घेरावयाचे तर छत्तीस फूट जाळी लागेल. परंतु धोका असतो तो पेरणीनंतरच्या तीन-चार आठवड्यांत आणि तोही नव्या वाफ्यालाच. चार फूट लांब, तीन फूट रुंद वाफ्यावर बांबूच्या कमानी रोवून त्यांवर जाळी ताणली की चौदा फुटांच्या घेरात काम भागते. रोपे जोमाने वाढली की तीच जाळी पुढच्या वाफ्यावर न्यावी. वांगी-मिरचीच्या आळ्यात बुंध्याभोवती मुठीएवढे दगड मांडावेत, म्हणजे मुळे उकरली जात नाहीत. नुकत्याच पेरलेल्या जागेवर बोरीच्या काट्या पसरणे ही आजीच्या काळची युक्ती आजही खोटी ठरलेली नाही. खरकटे उघड्यावर टाकू नये, झाकणाच्या पिंपात कुजवावे. घरचा उकिरडा उघडा ठेवून शेजारच्या कोंबडीला बोल लावणे न्यायाचे नव्हे.

येथवर बागवाल्याचे कर्तव्य झाले. आता कोंबडीवाल्याकडे वळू. अर्थशास्त्रात एकाच्या व्यवहाराचा भुर्दंड तिसऱ्यावर पडतो तेव्हा त्यास बाह्य परिणाम म्हणतात. अंडे मालकाच्या टोपलीत आणि नुकसान शेजाऱ्याच्या वाफ्यात, हे त्याचे घरगुती उदाहरण होय. परंतु येथे दोघांचे हित एका ठिकाणी जुळते. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळच्या वेळात घालतात. सकाळीच मोकळी सोडलेली कोंबडी दुसऱ्याच्या अडगळीत अंडे घालून येते आणि मालकास ते सापडतही नाही. तीच दुपारपर्यंत ऐसपैस खुराड्यात दाणा-पाण्यासह ठेवली तर अंडे घरात राहते. दुपारनंतर सोडली की दिवस मावळेपर्यंत चरते आणि अंधार पडताच आपण होऊन परतते. बागेला त्रास होण्याचे तास निम्म्यावर येतात. खुराड्यावर सावली मात्र हवी, कारण सुरतेच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली डालून ठेवणे म्हणजे मारणेच होय. मालकाच्या अंगणात राख आणि वाळू घातलेला एक खड्डा केला तर धुळीच्या अंघोळीसाठी तिला आपला वाफा शोधावा लागत नाही.

कायद्याची बाजूही ठाऊक असावी. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणासंबंधीच्या कायद्याने कोंडवाडे चालतात. त्यातील प्राण्यांच्या यादीत हत्तीपासून शेळीच्या करडापर्यंत सर्व आहेत, कोंबडी नाही! म्हणजे तिला कोंडवाड्यात घालता येत नाही. मात्र तिला विष घालणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. जुन्या भारतीय दंडसंहितेत प्राणी मारण्याच्या कलमांत दहा आणि पन्नास रुपये अशा किमतीच्या मर्यादा होत्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत प्राण्याच्या किमतीची ती अट उरलेली नाही. डांगच्या बाजूला राहणाऱ्यांच्या शेतात खरा रानकोंबडा उतरला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याला फासे लावता येत नाहीत.

शेवटचा मुद्दा आरोग्याचा. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर कोंबडीची ताजी विष्ठा पडणे चांगले नाही. कुजवल्यावर मात्र तिचेच उत्तम खत होते. आमच्याच लोहमार्गावरील नवापूर येथे फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. २०२१ साली नवापूरवर पुन्हा तेच संकट आले. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर ती सूचना पशुवैद्यकीय दवाखान्यात तत्काळ गेली पाहिजे. ज्या गल्लीत विष घालण्याची सवय असते, तेथे मेलेल्या कोंबडीचे कोणास नवल वाटत नाही, आणि साथ आली तरी ती विषाच्या नावावर खपून जाण्याचा धोका असतो.

वाणिज्याच्या भाषेत जाळी हा एकदाचा भांडवली खर्च आहे, तर रोजची हाकाहाक आणि भांडण हा कधीही न संपणारा चालू खर्च आहे. ताळेबंद मांडला तर जाळी स्वस्त पडते. आणि मेथीची पहिली जुडी शेजारच्या घरी गेली, तर तिकडून दोन अंडी येण्यास फार दिवस लागत नाहीत.