एक्स्प्लेनर : इंग्रजीतली चूक ॲपने सुधारली, पण विद्यार्थी शिकला का?

जळगाव, धुळ्यातल्या अनेक विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी ही तिसरी भाषा. घरात अहिराणी किंवा लेवा गणबोली, शिरपूरकडच्या आदिवासी पाड्यांत पावरी, शाळेत मराठी, मग इंग्रजी. आता निबंध किंवा नोकरीचा अर्ज सरांच्या आधी मोबाइलमधले ॲप तपासते. मग शिक्षकांच्या लाल शाईची गरज उरली का? समजून घेऊ.

ॲप चूक कशी पकडते?

जुनी साधने ठरलेल्या नियमांवर चालत. आजची साधने चूक-बरोबर वाक्यांच्या असंख्य जोड्यांवरून शिकतात. व्याकरण सुधारणाऱ्या प्रणालींच्या 2014 मधील ‘कोनल’ स्पर्धेत एक निकष महत्त्वाचा होता : सगळ्या चुका सापडण्यापेक्षा, दाखवलेली चूक खरी असण्याला दुप्पट वजन. कारण बरोबर वाक्याला चूक म्हटले, तर शिकणारा जास्त गोंधळतो. म्हणजेच लाल रेघ आली नाही, याचा अर्थ वाक्य बिनचूक आहे असा नाही. चॅटबॉटचे उलट होते. तो अनेकदा बरोबर वाक्येही बदलून टाकतो.

शिक्षकांना वेगळे काय दिसते?

‘माय फादर इज इन बँक’ हे वाक्य घ्या. ॲप ‘द’ घालून व्याकरण सुधारू शकते. पण अर्थ होतो, वडील आत्ता बँकेत गेले आहेत. मुलाला सांगायचे असते, ते बँकेत नोकरीला आहेत. ‘वडील बँकेत आहेत’ हे मराठी वाक्य शिक्षकांना मागे ऐकू येते.

दुसरे उदाहरण, ‘आय आस्क्ड हिम दॅट व्हेअर इज ही गोइंग’. इथला ‘दॅट’ म्हणजे मराठीतला ‘की’. ॲप तो खोडते. तो कुठून आला, हे शिक्षक सांगतात. मराठीच्या वहीतही तेच. ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ हा अज्ञानाचा नाही, घरच्या बोलीचा उच्चार आहे, हे खानदेशातले शिक्षक ओळखतात.

मग शिक्षकच पुरेत का?

हिशेब करा. एका वहीला 5 मिनिटे धरली, तरी 60 वह्यांना 5 तास लागतात. वही परत मिळेपर्यंत मुलगा काय लिहिले तेच विसरतो. ॲप मात्र क्षणात उत्तर देते आणि दहाव्यांदा विचारले तरी कंटाळत नाही.

संशोधन काय सांगते?

तैवानमधील अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये व्याकरणाच्या चुका सुधारून देणे निरुपयोगी असल्याचा दावा केला. डॅना फेरिस यांनी 1999 मध्ये त्याला विरोध केला. वाद अजून चालू आहे. ट्रस्कॉट यांच्याच 2008 च्या अभ्यासात खुणा पाहून विद्यार्थ्यांनी मसुदा चांगला सुधारला. पण आठवड्याने नवे लिखाण करताना तो फायदा दिसला नाही. मसुदा सुधारणे आणि भाषा शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत पेपर हातानेच लिहायचा असतो, तिथे ॲप सोबत नसते.

काय करता येईल?

- आधी स्वतः लिहा, मग ॲप लावा.
- ‘सगळे स्वीकारा’ दाबू नका. प्रत्येक बदलाचे कारण विचारा.
- वारंवार होणाऱ्या तीन चुका वहीत टिपा आणि त्याच शिक्षकांना दाखवा.

किरकोळ स्पेलिंग ॲपकडे गेले, तर शिक्षकांचा वेळ अर्थ आणि कारण समजावण्यासाठी उरतो.