मोगऱ्याची छाटणी

बीड जिल्ह्यांत अंगणांतील मोगरा कांहीं अपूर्वाईचा नाहीं. झुडूप पानांनीं भरगच्च, कमरेच्या वर वाढलेलें असतें. पण चैत्रांत देवपूजेपुरतीं फुलें पाहावीं, तर ओंजळही भरत नाहीं. घरचीं माणसें मग खताला दोष देतात. हिरव्या फांदीला कात्री लावावयास मात्र त्यांचा हात धजत नाहीं. वस्तुतः दोष त्या दयाळूपणाचा आहे.

मोगऱ्याचें फूल जुन्या लांकडावर येत नाहीं; तें नव्या धुमाऱ्याच्या टोंकाला येतें. फांदीचा शेंडा शाबूत असेपर्यंत त्यांत उत्पन्न होणारें ऑक्सिन नांवाचें द्रव्य खालच्या डोळ्यांना दडपून ठेवतें. शेंडा छाटला, कीं ते डोळे जागे होतात. मोगऱ्याचीं पानें समोरासमोर जोडीनें असतात व प्रत्येकाच्या बगलेंत एक डोळा असतो. म्हणून एका कापाला बहुधा दोन धुमारे आणि दोन धुमाऱ्यांना कळ्यांचे दोन झुबके, असा हा हिशेब आहे. गुलाबाला आपण तिरपा काप देतों, कारण तेथें डोळा एकाच बाजूस असतो. मोगऱ्याला पेराच्या किंचित् वर सरळ काप पुरतो.

छाटणीआधीं झाडाला विश्रांति हवी. नोव्हेंबरअखेर पाणी तोडावें. गेवराई-माजलगांवकडील गोदाकांठच्या काळ्या जमिनींत ओल फार दिवस टिकते, तेथें महिना-दीड महिना ताण द्यावा लागतो. बालाघाटावरील हलक्या, मुरमाड जमिनींत त्याहून पुष्कळ कमी दिवस पुरतात. पानें पिवळीं पडून गळूं लागलीं, म्हणजे ताण बसला असें समजावें. मग संक्रांतीनंतर धारदार कात्रीनें सारें झुडूप जमिनीपासून दीड फुटावर आणावें. कोयत्यानें फांदी चिरते, तो नको. वाळलेल्या, रोगट व आंत वळलेल्या फांद्या बुडापासून काढाव्या. आळें हलकें खणून कुजलेलें शेणखत घालावें; पहिलें पाणी बेताचें द्यावें व पुढें वाढवीत जावें. मार्चमध्यें कळ्या दिसूं लागतात. जुईलाही हाच काळ मानवतो. पारिजातकाचें वेळापत्रक निराळें.

आतां खरा प्रश्न पाण्याचा. छाटलेलें झुडूप फेब्रुवारीपासून एकसारखें पाणी मागतें, आणि आपला जिल्हा पर्जन्यछायेंतला. २०१३ व २०१६ च्या उन्हाळ्यांत येथील कित्येक गांवांना टँकरनें पाणी पुरवावें लागलें होतें. विहिरीचा तळ डिसेंबरांतच दिसूं लागला असेल, तर त्या वर्षीं भारी छाटणी करूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. कोंवळे धुमारे फुटवून ते उन्हांत करपविण्यापेक्षां केवळ वाळलेलें लांकूड काढावें, आळ्यावर पालापाचोळ्याचा जाड थर पसरावा आणि तांदूळ-भाजी धुतलेलें पाणी, साबणाचें नव्हे, तेवढें घालीत राहावें. पहिल्या पावसानंतर अशा झुडपाचे शेंडे दोन-दोन पेरें खुडले, तर पावसाळ्यांतही वेणीपुरतीं फुलें मिळूं शकतात.